कवट्या मोजणाऱ्यांना उत्तर : आंतेनोर फर्मिन यांचे जीवन

माणसाची लायकी त्याच्या नाकाच्या रुंदीवरून किंवा कवटीच्या आकारावरून ठरवावी, असे आज कोणी म्हणाले तर आपल्या घरातील शाळकरी मूलही हसेल. परंतु एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील नामवंत विद्वान ही गोष्ट शास्त्र म्हणून मांडत होते. त्यांच्याजवळ कवट्या मोजण्याची साधने होती, मेंदू तोलण्याचे तराजू होते, आकड्यांचे लांबलचक तक्ते होते. मात्र या सर्व खटाटोपाचा निष्कर्ष मोजमाप सुरू होण्यापूर्वीच ठरलेला होता : गोरा माणूस वर आणि काळा माणूस खाली.

अशा विद्वानांच्या सभेचे सभासद होऊन, त्यांचेच आकडे हाती घेऊन, त्यांचे शास्त्र कसे पोकळ आहे हे एका कृष्णवर्णीय गृहस्थांनी १८८५ साली दाखवून दिले. त्यांचे नाव जोसेफ आंतेनोर फर्मिन. नाईल नदीच्या काठी पिरॅमिड उभारणारे प्राचीन लोक कोण होते, कोणत्या रंगाचे होते, हा त्या काळच्या वादाचा एक मोठा मुद्दा होता. तो वाद फर्मिन यांनी अंगावर घेतला. त्यांचे जीवन आपल्या कुटुंबांत वाचले जावे, असे आहे.

गुलामांनी घडविलेला देश

फर्मिन यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८५० रोजी हैती देशातील काप-हैसियँ या बंदराच्या गावी एका सामान्य कुटुंबात झाला. हैती हा कॅरिबियन समुद्रातील एका बेटाचा पश्चिम भाग. तेथे फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून माणसे पकडून आणून त्यांना ऊस व कॉफीच्या मळ्यांवर राबविले होते. १७९१ साली या गुलामांनी उठाव केला, नेपोलियनच्या सैन्याचाही पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी आपले स्वातंत्र्य जाहीर केले. गुलामांनी स्वतःच्या बळावर बेड्या तोडून स्वतंत्र राष्ट्र उभे केल्याचे असे दुसरे उदाहरण इतिहासात नाही.

परंतु स्वातंत्र्य मिळाले म्हणजे मान मिळतो असे नाही. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून, गमावलेल्या मळ्यांची व गुलामांची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक या लहानशा देशावर लादले. ज्यांना गुलाम केले, त्यांनीच गुलामगिरीतून सुटल्याची किंमत मोजावी, असा हा न्याय होता. त्या कर्जाच्या ओझ्याखाली हैती पिढ्यान्‌पिढ्या दबून गेला. वर पुन्हा युरोपातील लेखक म्हणत की, काळ्या माणसाला राज्य चालविण्याची अक्कलच नाही. हैतीची गरिबी पाहा!

फर्मिन यांचे सर्व शिक्षण हैतीतच झाले. वयाच्या सतराव्या वर्षापासून ते शाळेत शिकवू लागले. पुढे त्यांनी जकात कचेरीत नोकरी केली, कायद्याचा अभ्यास करून वकिली केली आणि १८७८ साली उत्तर हैतीत एक वृत्तपत्र काढले. घरी संपत्ती नव्हती, पाठीशी कोणी बडा माणूस नव्हता. विद्या एवढीच त्यांची पुंजी होती.

पॅरिसची विद्वत्सभा

१८८० नंतरच्या काही वर्षांत फर्मिन पॅरिसला गेले. तेथे १८५९ साली पॉल ब्रोका या डॉक्टरांनी मानववंशशास्त्राची एक सभा स्थापन केली होती. साऱ्या जगात तिचा दबदबा होता. निरनिराळ्या देशांतील माणसांच्या कवट्या व हाडे गोळा करावयाची, त्यांची लांबी-रुंदी काढावयाची, आणि त्यावरून मानवजातीच्या पायऱ्या लावावयाच्या, हे तिच्या सभासदांचे काम. १८८४ साली फर्मिन या सभेचे सभासद झाले. लुई-जोसेफ जानव्हिए हे हैतीचे दुसरे विद्वान तेथे आधीपासून होते व त्यांचा या कामी हातभार लागला.

सभागृहात बसून फर्मिन ऐकत. आपल्यासारखी माणसे जन्मतःच कमी प्रतीची आहेत, हे तेथे सिद्ध झालेल्या गोष्टीसारखे बोलले जात होते. ज्या सभेने त्यांना आपला सभासद मानले, तीच सभा त्यांच्या लोकांना आपल्या बरोबरीचे मानत नव्हती. हा विरोध त्यांना दिसला. परंतु ते रागावून उठून गेले नाहीत. ग्रंथ वाचू लागले.

तो काळही लक्षात घेतला पाहिजे. १८८४ च्या नोव्हेंबरपासून १८८५ च्या फेब्रुवारीपर्यंत बर्लिन येथे युरोपातील राष्ट्रे आफ्रिका खंडाच्या वाटणीचे नियम ठरवीत बसली होती. दुसऱ्याचे घर लुटावयाचे असेल, तर त्या घराचा मालक माणूसच नाही असे आधी म्हणावे लागते. कवट्यांचे शास्त्र हे त्या लुटीच्या उपयोगी पडत होते.

नाईलच्या काठचा पेच

या शास्त्राला एक अडचण मात्र होती. ती म्हणजे इजिप्त. आफ्रिकेतील माणसाने कधी काही निर्माण केले नाही, असे म्हणावे तर त्याच आफ्रिकेत, नाईलच्या काठी, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पिरॅमिड उभे आहेत. तेथे लिपी होती, शेतीचे कालवे होते, वैद्यक होते, राज्यकारभार होता. मग हे कोणी केले?

अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉ. सॅम्युएल मॉर्टन यांनी या अडचणीतून वाट काढली. इजिप्तमधील थडग्यांतून आणलेल्या सुमारे शंभर कवट्या त्यांच्यापाशी जमल्या होत्या. कवटीत किती जागा आहे हे पाहण्यासाठी ते आधी तीत मोहरी भरीत व नंतर नंतर शिशाचे छर्रे भरू लागले. १८४४ साली त्यांनी जाहीर केले की, प्राचीन इजिप्तचे लोक गोऱ्या वंशाचे होते. तेथे काळे लोक होते, पण ते चाकर आणि गुलाम म्हणून. अमेरिकेत त्या वेळी गुलामगिरी चालू होती. आपल्या मळ्यावरची व्यवस्था चार हजार वर्षांपूर्वीही अशीच होती, असे ऐकून मळेवाल्यांना किती समाधान वाटले असेल! पुढे १८५३ ते १८५५ या काळात फ्रान्समध्ये गोबिनो नावाच्या सरदाराने मानववंशांच्या विषमतेवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला आणि जगातील प्रत्येक मोठी संस्कृती गोऱ्या रक्तामुळेच घडली, असे मत मांडले.

फर्मिन यांचा ग्रंथ

१८८५ साली फर्मिन यांनी पॅरिसमध्येच आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची पाने साडेसहाशेहून अधिक आहेत. त्यांनी नावच ठेवले मानववंशांच्या समतेविषयी. गोबिनोच्या ग्रंथाच्या नावातील विषमतेच्या जागी त्यांनी समता घातली. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीच्याही आत होते.

या ग्रंथात त्यांनी आरडाओरडा केला नाही. ब्रोका व त्यांच्या शिष्यांचे तक्ते समोर मांडले आणि विचारले की, हे आकडे खरोखर काय सांगतात? एकाच वंशाच्या म्हटलेल्या माणसांत लांब कवटीचेही आहेत आणि रुंद कवटीचेही. एका मापाने वर असलेला समूह दुसऱ्या मापाने खाली जातो. वंश किती, यावरही विद्वानांचे एकमत नव्हते : कोणी तीन सांगे, कोणी पाच, आणि मॉर्टन तर बावीस सांगत. ज्यांना पायऱ्या किती हेच ठाऊक नाही, ते कोण वरच्या पायरीवर आहे हे कशावरून सांगतात?

कातडीच्या रंगाविषयी त्यांनी लिहिले की, त्याचे कारण ऊन, हवामान आणि शरीरातील रंगद्रव्य यांत आहे. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. माणसा-माणसांत जो फरक दिसतो, तो शिक्षण, संधी आणि परिस्थिती यांचा आहे. त्यांनी हैतीतील कवी, वैद्य, कायदेपंडित यांची उदाहरणे दिली. एकाच बेटावर, दोन-तीन पिढ्यांपूर्वी बेडीत असलेल्या लोकांची नातवंडे आज ग्रंथ लिहीत आहेत, हे कोणत्या कवटीच्या मापात बसते?

इजिप्तवर त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले. प्राचीन ग्रीक लेखकांनी इजिप्शियनांच्या काळ्या रंगाची व कुरळ्या केसांची केलेली नोंद, तेथील शिल्पे, आणि नाईलच्या वरच्या अंगाच्या राज्यांशी इजिप्तचे असलेले जुने नाते, यांचा आधार घेऊन त्यांनी म्हटले की, ही संस्कृती आफ्रिकेची आहे व तिचे निर्माते काळे लोक होते. त्याच ग्रंथात हिंदुस्थानचे लोक व आर्य यांवरही एक प्रकरण आहे. जेथे जेथे संस्कृतीचे श्रेय एका गोऱ्या वंशाला देण्याचा प्रयत्न झाला, तेथे तेथे त्यांनी त्याला हरकत घेतली.

मौनाची शिक्षा

या ग्रंथाला सभेने काय उत्तर दिले? काहीच नाही. प्रत पोहोचल्याची नोंद झाली आणि विषय संपला. खोडून काढता येत नाही, त्याविषयी बोलावयाचेच नाही, ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही. एका बैठकीत फर्मिन वंशाच्या प्रश्नावर बोलले, तेव्हा त्यांच्या मुद्द्याला उत्तर देण्याऐवजी, तुमच्या पूर्वजांत कोणी गोरा होता काय, अशी विचारणा झाली. म्हणजे काळा माणूस मूर्ख असेल तर तो काळा म्हणून. आणि शहाणा असेल तर त्याच्यात कोठेतरी गोरे रक्त असले पाहिजे! अशा हिशेबात काळ्या माणसाची जमा कधीच होत नाही.

हा ग्रंथ इंग्रजीत यावयास २००० साल उजाडावे लागले. म्हणजे ११५ वर्षे इंग्रजी वाचणाऱ्या जगाला तो जवळजवळ ठाऊकच नव्हता. गोबिनोचे विचार मात्र दरम्यान जर्मनीपर्यंत पोहोचले व त्यांचे परिणाम विसाव्या शतकाने भोगले.

मंत्री आणि हद्दपार

फर्मिन मायदेशी परतले आणि १८८९ साली अर्थ व परराष्ट्र खात्यांचे मंत्री झाले. लवकरच त्यांची मोठी कसोटी लागली. हैतीच्या वायव्य टोकाचे मोल सेंट-निकोला हे बंदर अमेरिकेला आपल्या जहाजांच्या कोळशासाठी हवे होते. १८९१ साली अमेरिकेचे अ‍ॅडमिरल घेरार्डी ही मागणी घेऊन आले. त्यांच्यासोबत बोलणी करावयास अमेरिकेचे हैतीतील प्रतिनिधी फ्रेडरिक डग्लस होते, जे स्वतः गुलाम म्हणून जन्मले होते आणि गुलामगिरीविरुद्ध लढून जगप्रसिद्ध झाले होते. फर्मिन यांनी आधी अ‍ॅडमिरलांकडे त्यांच्या अध्यक्षांचे रीतसर अधिकारपत्र मागितले. त्यात दोन महिने गेले. दरम्यान बंदरात युद्धनौका वाढल्या. शेवटी २२ एप्रिल १८९१ रोजी फर्मिन यांनी नम्र पण स्पष्ट शब्दांत नकार कळविला. तोफांसमोर उभ्या असलेल्या एका लहान देशाच्या मंत्र्याने कायद्याच्या आधारावर दिलेला हा नकार होता. आणि अमेरिकेला परत जावे लागले.

पुढे ते पुन्हा एकदा अर्थमंत्री झाले, पॅरिसमध्ये देशाचे वकील राहिले. १९०२ साली त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी केली. अनेक तरुण व सुशिक्षित लोक त्यांच्या बाजूचे होते. परंतु निवडणुकीचे रूपांतर यादवी युद्धात झाले. त्यांच्या पक्षाचे अ‍ॅडमिरल किलिक यांनी ६ सप्टेंबर १९०२ रोजी आपली नौका जर्मन युद्धनौकेच्या हाती देण्याऐवजी स्वतःसह स्फोटात उडवून दिली. फर्मिन यांचा पराभव झाला आणि त्यांना सेंट थॉमस बेटावर हद्दपारीत जावे लागले. तेथेही त्यांनी लिखाण सोडले नाही. १९०८ साली त्यांच्या समर्थकांचा आणखी एक प्रयत्न फसला व त्यात अनेकांचे प्राण गेले. १९ सप्टेंबर १९११ रोजी सेंट थॉमस येथेच, मायभूमीपासून दूर, फर्मिन यांचे निधन झाले. साठ वर्षांचे आयुष्य. त्यातील शेवटच्या दशकाचा बराचसा भाग परक्या बेटावर गेला.

आजचे शास्त्र काय सांगते?

फर्मिन यांच्या मताचे आज काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९७४ साली युनेस्कोने कैरो येथे याच प्रश्नावर विद्वानांची परिषद भरविली. सेनेगलचे शेख आंता दिओप यांनी तेथे प्राचीन इजिप्त काळ्या लोकांचे होते, हा पक्ष जोराने मांडला. सर्वांचे एकमत झाले नाही. त्यानंतर हाडांतून व दातांतून प्राचीन माणसांची आनुवंशिक द्रव्ये काढण्याची विद्या आली आणि चित्र अधिक स्पष्ट होऊ लागले.

२०१७ साली मध्य इजिप्तमधील अबुसिर अल-मलिक या एका ठिकाणच्या ममींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या उत्तरकालीन होत्या व त्यांचे नाते पश्चिम आशियाच्या प्राचीन लोकांशी अधिक जवळचे निघाले. २०२५ साली नुवैरात येथे मातीच्या मोठ्या भांड्यात पुरलेल्या एका माणसाचा अभ्यास झाला. हा माणूस इ.स.पू. २८५५ ते २५७० या काळातला, म्हणजे पहिल्या पिरॅमिडांच्या सुमाराचा. त्याच्या पूर्वजपरंपरेचा सुमारे चार-पंचमांश भाग उत्तर आफ्रिकेच्या प्राचीन रहिवाशांकडे जातो आणि सुमारे एक-पंचमांश मेसोपोटेमियाकडील लोकांकडे. एका माणसावरून साऱ्या राष्ट्राचा हिशेब होत नाही, हे खरे. परंतु दिशा कळते.

सुमारे ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वी सहारा वाळवंट नव्हते, तेथे कुरणे व तळी होती. ते कोरडे पडत गेले तसे लोक नाईलकडे सरकले. उत्तरेकडून पश्चिम आशियाचे लोक येत राहिले, दक्षिणेकडून नुबियाचे. या नुबियातच कुश हे राज्य होते. इ.स.पू. आठव्या शतकात कुशच्या राजांनी सारा इजिप्त जिंकला व त्यांच्यातील तहार्का याने इ.स.पू. ६९० ते ६६४ पर्यंत राज्य केले. आज सुदानच्या भूमीवर या लोकांचे दोनशेहून अधिक पिरॅमिड आहेत. नदीच्या मुखापासून वर वर जावे तसा लोकांचा रंग, नाक, केस, हातापायांची ठेवण हळूहळू बदलत जाते. येथे गोरे संपले आणि येथून काळे सुरू झाले, अशी रेघ कोठेही ओढता येत नाही.

म्हणजे मॉर्टन चुकले. गोऱ्यांनी येऊन इजिप्त घडविले नाही. आणि तेथील सर्व लोक एकाच रंगाचे होते, असेही म्हणता येत नाही. इजिप्त ही आफ्रिकेच्या भूमीत वाढलेली, अनेक प्रवाह पोटात घेतलेली संस्कृती होती. मग फर्मिन यांचा ग्रंथ वाया गेला काय? मुळीच नाही. त्यांचा मूळ सिद्धांत इजिप्तच्या रंगावर उभा नव्हता. बाह्य मापावरून माणसाची पायरी ठरत नाही, हा त्यांचा सिद्धांत होता. तो आज अधिकच पक्का झाला आहे.

दोन स्मशाने, एक रक्त

याच नाईलच्या काठी, सुदानमधील कुलुबनार्ती येथे, सुमारे हजार-तेराशे वर्षांपूर्वीची दोन दफनभूमी सापडली. एकीतील माणसांच्या हाडांवर आजारपणाच्या व हालांच्या खुणा जास्त आहेत. ती लवकर मेली. दुसरीतील माणसे अधिक सुस्थितीत जगली. दोन्हींत मिळून ६६ माणसांच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष काय निघाला? दोन्ही स्मशानांतील माणसांच्या पूर्वजपरंपरेत फरक नाही. एकमेकांचे नातलग दोन्हीकडे पुरलेले आहेत. रक्त एकच होते. वेगळे होते ते समाजाने दिलेले स्थान.

हे वाचताना आपल्याला आपल्या देशाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पॅरिसच्या त्या शाळेची मोजमापे इंग्रज अधिकारी रिस्ले यांनी हिंदुस्थानात आणली. माणसाचे नाक जितके रुंद, तितकी त्याची जात खालची, असे त्यांनी १८९१ च्या सुमारास मांडले. पुढे नाकांच्या मापांचे हेच तक्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तपासले आणि अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील १९४८ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, या मापांप्रमाणेच पाहिले तर ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश एकच ठरतो. अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही. फर्मिन यांनी पॅरिसमध्ये जे केले, तेच बाबासाहेबांनी येथे केले : मोजणाऱ्याच्याच आकड्यांनी त्याचा निष्कर्ष खोडून काढला.

वाचकहो, आपली मुले कधी विचारतात की, आपले पूर्वज कोण होते? इतिहास जरूर शोधावा. तो आपल्यापासून हिरावून घेतला गेला आहे. परंतु पूर्वज राजे होते असे सिद्ध झाले म्हणून माणूस मोठा होत नाही, आणि ते राबणारे होते असे निघाले म्हणून तो लहान होत नाही. नुवैरातचा तो माणूस काळा होता की गहूवर्णी, यावर आज कोणाचाही हक्क अवलंबून नाही. फर्मिन यांनी आयुष्य वेचले ते हे सांगण्यासाठी की, समतेला वंशावळीचा दाखला लागत नाही. मात्र विषमतेचे समर्थन करणारा जेव्हा आकडे पुढे करतो, तेव्हा ते आकडे वाचता येणारा माणूस आपल्या घरात असला पाहिजे. म्हणून मुलामुलींना शिकवा. गरीब घरातील, हैतीतच शिकलेल्या एका मास्तराने युरोपच्या विद्वत्सभेला निरुत्तर केले, ही गोष्ट त्यांना सांगा.